सोबत कोणी नसलेल्या रुग्णास दाखल करून घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
दक्षिण विभाग सार्वजनिक रुग्णालय,
कोल्हापूर.

अर्जदार: बसाप्पा रुद्राप्पा हुक्केरी, वय ७१, निवृत्त हमाल, रा. शाहूपुरी, कोल्हापूर.

विषय: नात्याबाबत खोटी माहिती दिल्याच्या नोटिशीचा खुलासा, तसेच सोबत कोणी नसलेल्या रुग्णांस उपचार मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

उपरोक्त नोटिशीस अनुसरून अर्जदार आपला खुलासा सविनय सादर करीत आहे.

१. अर्जदाराने शाहूपुरीतील गुळाच्या अडतीत चाळीस वर्षे रवे (गुळाच्या ढेपा) उचलले. पत्नी शांतादेवी सहा वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत अर्जदार एकटा राहतो. घरात कानडी फक्त पत्नीशी बोलली जात असे, त्यामुळे आता ती भाषाही विसरत चालली आहे. ही बाब विषयाशी संबंधित नसल्यास वगळावी.

२. गेल्या उन्हाळ्यात अर्जदारास हर्निया असल्याचे आपल्या डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रिया मोफत होणार होती व २० ऑगस्ट ही तारीख मिळाली. त्या दिवशी अर्जदार उपाशीपोटी, अंथरूण घेऊन हजर झाला. खिडकीवरील लिपिकांनी विचारले, "आजोबा, सोबत कोण हाय?" कोणी नाही असे सांगता ते म्हणाले, "मग कसं जमायचं? सहीला नात्यातलं माणूस पायजेच की." अर्जदाराने स्वतः सही करण्याची तयारी दाखवली. मराठी व कानडी दोन्हींत सही येते असेही सांगितले. त्यावर, "तुमची न्हवं, दुसऱ्याची," असे उत्तर मिळाले. अर्जदार अंथरूण घेऊन परत गेला.

३. दुसरी तारीख १७ सप्टेंबर होती. पत्नीच्या बहिणीचा मुलगा वीरेश सीमेपलीकडे कर्नाटकात राहतो. त्याने फोनवर "येतो" असे कबूल केले होते. अर्जदार सकाळी आठपासून सायंकाळी चारपर्यंत दाराजवळच्या बाकावर बसला. प्रत्येक आलेल्या रिक्षाकडे पाहत होता. वीरेश आला नाही. त्याचीही काही अडचण असेल. त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

४. तेव्हा 'नातेवाईक नसल्याचा दाखला' आणावा, असे अर्जदारास सुचवण्यात आले. त्यासाठी अर्जदाराने तीन कार्यालये पाहिली. तिसऱ्या कार्यालयात असा दाखला देता येईल, पण अर्जावर नात्यातील दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील, असे कळले. अर्जदाराने अडचण सांगितली. तेथील गृहस्थ रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुम्हाला कुणी न्हाय हे खरं असंल वो पावणं, पण ते सांगायला तरी घरचं कुणीतरी लागंल की." घरी येऊन अर्जदार दिवा न लावता बसून राहिला.

५. दि. ९ ऑक्टोबर रोजी दुपारी आतडे अडकले. वेदना सहन होईना. रिक्षावाल्याने अर्जदारास उचलून आपल्या दारात आणले. डॉक्टरांनी ताबडतोब शस्त्रक्रिया सांगितली. पण कागदावरील नातेवाइकाच्या सहीचा रकाना पुन्हा आडवा आला. परिचारिका बाई दालनात ओरडून विचारत होत्या, "ह्यांचं कोण हाय का हितं? कोण हाय का?" अर्जदार आजन्म हे विसरणार नाही. तेव्हा भिंतीकडेला डबा घेऊन बसलेल्या एक बाई उठल्या व म्हणाल्या, "मी हाय की. भैन हाय मी ह्यांची. कुठं सही करायची ती दावा."

६. त्या बाई म्हणजे सोनूबाई दादासो शिंगे, राहणार बिद्रीजवळ, शेतमजूर. त्यांचे पती दादासो फुप्फुसाच्या आजाराने त्याच इमारतीत दाखल होते. त्यापूर्वी अर्जदाराने त्यांना कधीही पाहिले नव्हते. अर्जदार मात्र त्या वेळी शुद्धीवर होता. 'ही माझी बहीण नाही' असे म्हणता आले असते. अर्जदार गप्प राहिला. खोटेपणा झाला असेल तर तो येथे झाला आहे, बाईंकडे नाही.

७. सायंकाळी भेटीच्या वेळेत इतरांची माणसे येत. अर्जदार तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेत असे, म्हणजे कोणास कीव करावी लागत नाही. सोनूबाई पतीला पेज पाजून अर्जदाराच्या खाटेशी येत. "सोंग कशाला घेताय? च्या गार व्हतोय," असे म्हणून पेला हातात देत. तीन दिवस असे झाले. चौथ्या दिवशी चहा आला नाही. पहाटे दादासो गेल्याचे वॉर्डमधील मावशींनी सांगितले. सोनूबाई त्यांना घेऊन गावी गेल्या होत्या. टाके ओले असल्याने अर्जदारास जिन्यापर्यंतही जाता आले नाही.

८. टाके काढल्यानंतर, दि. २६ ऑक्टोबर रोजी, अर्जदार एस. टी.ने त्यांच्या गावी गेला. दारात त्यांची मुलगी संघप्रिया उभी होती. तिने "कोण पायजे?" असे विचारले. अर्जदार ओळख काय सांगावी याच्या विचारात असता आतून सोनूबाई म्हणाल्या, "मामा आलाय तुझा. आत घे, पाणी दे." त्यानंतर अर्जदार दोन तास त्या घरात बसला.

९. आपल्या नोटिशीत सदर महिलेचे नाते खरे की खोटे, अशी विचारणा आहे. ९ ऑक्टोबरला ते खोटे होते. २६ ऑक्टोबरपासून ते खोटे आहे असे अर्जदारास शपथेवर सांगता येणार नाही. तरी पती जाऊन महिना झालेल्या बाईस नोटिशीत ठेवलेल्या १७ तारखेच्या चौकशीस बोलावू नये. जी कारवाई करायची ती अर्जदारावर करावी.

१०. नोटीस मिळाल्यापासून अर्जदार दर मंगळवारी व शुक्रवारी आपल्या रुग्णालयात येऊन बसतो. काल पन्हाळ्याकडच्या अंबूबाई नावाच्या वृद्ध बाई गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी एकट्या आल्या होत्या. सोबत कोण, असे विचारताच त्या अंथरूण उचलू लागल्या. अर्जदाराने पुढे होऊन सही केली. नात्याच्या रकान्यात 'नाते नाही, सोबत आहे' असे स्वच्छ लिहिले. डॉक्टर बाईंनी कागद वाचला, अर्जदाराकडे पाहिले व अंबूबाईंना खाट दिली. कोणताही नियम मोडला असल्यास तो अर्जदाराने मोडला आहे.

११. सबब विनंती की, अर्जातील 'नातेवाईक' या शब्दाऐवजी 'सोबतची व्यक्ती' असा शब्द करण्यात यावा. ज्यास तीही नसेल त्याच्यासाठी रुग्णालयाने माणूस नेमावा. असा माणूस नेमला जाईपर्यंत अर्जदाराचे नाव, पत्ता व फोन नंबर खिडकीवर लावून ठेवावा. अर्जदारास दुसरे काम नाही.

१२. अंबूबाईंची शस्त्रक्रिया येत्या शुक्रवारी, १४ तारखेस आहे. अर्जदार सकाळी आठ वाजता बाकावर हजर असेल. या अर्जावरील निर्णय तेथेच तोंडी कळवला तरी चालेल. मात्र त्या आत असेपर्यंत अर्जदारास चौकशीसाठी तेथून उठवू नये.

कळावे,

आपला नम्र व उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
बसाप्पा रुद्राप्पा हुक्केरी

कोल्हापूर, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) नोटिशीची प्रत
२) शस्त्रक्रियेच्या कागदांची प्रत
३) एस. टी.चे तिकीट, दि. २६ ऑक्टोबर