जावयाच्या वाट्याचा तुकडा

चि. येरकेबुलान यांस सासूबाईंचे पोटभर आशीर्वाद.

तब्येत बरी ना? वेळेवर जेवता ना? आमची चौकशी तुम्ही केली नाहीत तरी सांगते, आम्ही ठणठणीत आहोत. (तुमच्या सासऱ्यांचे आणखी दोन दात पडले, पण उरलेले भांडायला पुरतात.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला.

नौरुझचा सण तोंडावर आलाय आणि गाईच्या मांसाचं काय काय करायचं यावरून घरात रणकंदन माजलंय. थंडीच्या सुरुवातीला कापलेल्या गाईचं खारवलेलं मांस मागच्या खोलीत टांगलंय. पातळ लाटलेल्या पोळ्यांवर उकडलेलं मांस तर हवंच. थोडं सणाच्या आंबट पेजेत जाईल. शेजारची कलामकास म्हणते, बरगड्या मनुके घालून भाजू, मोबाईलवर दाखवलंय. (मागे तिने असंच काहीतरी केलं होतं, तर कुत्र्यानेही हुंगून तोंड फिरवलं.) तिला कसंबसं वाटेला लावलं.

घोडं अडलं ते छातीच्या मांसापाशी. ते जावयाचं. दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढायची आपल्यात सोय नाही, आणि आमची लेक रौशन देवाघरी गेल्यापासून जावई काही फिरकले नाहीत. तुमचे सासरे म्हणाले, खिमा करून मंतीच्या वाफवलेल्या करंज्यांत भरू, म्हणजे कुठला तुकडा कुणाचा हा प्रश्नच मिटला. खिम्याचं यंत्र टेबलाला आवळलं, तुकडा हातात घेतला आणि नुसते उभे राहिले. काय झालं विचारलं तर म्हणे, पातं बोथट आहे. (परवाच धार लावून आणलंय.) तुकडा परत टांगून आले आणि बराच वेळ नाक शिंकरत बसले.

मला आपलं तुमचं पहिलं ताट आठवलं. नवे जावई, मान खाली, लाजून कानापर्यंत लाल! एवढा मोठा तुकडा, अर्धी तर चरबीच, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग दरवर्षी अर्धा गुपचूप रौशनच्या ताटात सरकवायचात. आम्ही दोघं मुद्दाम खिडकीबाहेर बघायचो. खिडकीबाहेर काय होतं, तर कलामकासची वाळत घातलेली लक्तरं! काय दिवस होते हो ते. फार आठवण येते.

असो. तुम्ही यायलाच पाहिजे असं काही नाही. अल्माटीहून गाडीचा प्रवास लांबचा, कामंही असतील. आम्ही मजेत आहोत.

तुमची सासू,
झिबागुल

ता. क. छातीचं मांस अजून टांगलेलं आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही.

ता. क. तुम्ही पुन्हा लग्न करताय हे तुमच्या आईकडून कळलं. त्यासाठी फोन चुकवत होतात होय? अहो, लग्न करा, पण जावईपण असं परस्पर सोडता येत नाही. तुमच्या सासऱ्यांनी बजावून सांगितलंय, "त्याला लिही, माझा जावई तोच."

ता. क. अयगानिमला, तुमच्या नवरीला, घेऊन या. तिला चरबी चालते का, तेवढं विचारून कळवा. या घरात मुलीच्या वाट्याचाही एक तुकडा असतो, आणि तो रौशन गेल्यापासून तसाच परत पातेल्यात जातो.