संगमावर दिलेला शब्द

५ जाने.
ताईंच्या इंदापूरच्या ऑफिसात दुसरा आठवडा. कॉलेजची इंटर्नशिप म्हणजे धोरणं, अहवाल, असलं काहीतरी वाटलं होतं. इथं मी लग्नपत्रिका आणि दहाव्याचे निरोप तारखेप्रमाणे लावते. जि. प. सदस्याला दोन्हीकडं जावंच लागतं. ताईंचे पीए अशोकराव म्हणतात, लग्न चुकलं तर चालतं, दहावा चुकवायचा नाही.
सकाळी वालचंदनगरहून येताना सगळीकडं धुकं, नुसते उसाचे तुरे दिसत होते. खिडकीला डोकं टेकून अख्खं भाषण केलं. टाळ्याही झाल्या. बाबा म्हणतात तेच खरं, मनोराज्यात माझी सत्ता कधी जात नाही.

९ जाने.
ताई पुण्यात अडकल्या. नरसिंहपूरला एका आबांचा दहावा होता, श्रद्धांजलीला मला पाठवलं. पहिल्यांदाच माइक! चार ओळी पाठ केल्या.
संगमावर धुक्यात भीमा कुठली नि नीरा कुठली कळेना. इतकं छान वाटत होतं की लाज वाटली. पण पिंडाला कावळा शिवेना. मुलानं भावाशी भांडणार नाही म्हणून कबूल केलं, म्हैस विकणार नाही म्हणाला. तरी नाही. मग आबांच्या बहिणीनं सांगितलं, संध्याकाळची एसटी बंद झाली नि नात सोनालीचं इंदापूरचं कॉलेज सुटलं, त्यातच जीव अडकलाय त्याचा. सगळे माझ्याकडं वळले. बहीणच म्हणाली,
"तुमी ताईंच्याकडनं आलाय न्हवं? मग द्या शब्द."
मी हात जोडले. "आबा, संध्याकाळची गाडी सुरू होईल."
आणि कावळा आला. खरंच आला. माइकवर चारातली एकही ओळ आठवली नाही.

१० जाने.
अशोकरावांनी कपाळाला हात लावला. "पोरी, जित्या माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो. मेलेल्याकडं कुठं जायाचं?"
ताई रागावल्या नाहीत, त्यानं जास्तच भीती वाटली. डेपोला पत्र दिलं. पाठपुरावा तूच कर म्हणाल्या.

१७ जाने.
डेपोत तिसरी खेप. साहेब सज्जन, चहा पाजतात. गाड्या कमी, ड्रायव्हर कमी. बघू म्हणाले. 'बघू'चे प्रकार आता ओळखता येतात, हा त्यातला बरा.
घरी जाताना ती संध्याकाळची गाडी डोळ्यांपुढं दिसत राहते. दोन्ही बाजूंनी ऊस, आत पिवळे दिवे, कुणीतरी पोरगी पेंगतेय. वालचंदनगर कधी आलं कळलंच नाही.

२३ जाने.
दुपारी सोनाली ऑफिसात आली, पाठीला सॅक. आजपासून कॉलेज परत सुरू केलंय. सकाळच्या गाडीनं आली. जाणार कशी? तर संध्याकाळच्या गाडीनं! मी स्पष्ट सांगितलं, गाडी अजून सुरू झालेली नाही.
"आबा जेवून गेला न्हवं? मग यील की."
अशोकराव जीपनं सोडतो म्हणाले. ती ऐकेना. "आज जीपनं, उद्या कशानं?"
आता दोघी स्टँडवर. ऊन उतरलंय. डेपोचे साहेब फोन उचलत नाहीत. उद्या माझी इंटर्नशिप संपते, हे तिला सांगवलं नाही.
एक गाडी आत वळतेय, पाटी अजून वाचता येत नाही. सोनाली सॅक सावरून उभी राहिली. मला उठवत नाहीये.