खांब क्रमांक दोनशे चौदा आणि माझी झोप

तुखोला, २६ सप्टेंबर

तीर्थस्वरूप तेओफिलबाबांच्या चरणी जावई बोगुमिलचा नमस्कार, यंदा नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून.

तुमचे गुडघे कसे आहेत? चेखोचिनेकच्या आरोग्यधामात तुम्हाला रोज सकाळी गरम चिखलात कमरेपर्यंत पुरून ठेवतात आणि नंतर वाफवलेली गाजरं खायला घालतात असं युडिताकडून कळलं. ऐकून वाईट वाटलं, विशेषतः गाजरांचं. इकडे सर्व ठीक आहे. तुमच्या कोंबड्या मजेत आहेत. (पाच होत्या, आता चार आहेत, पण ज्या आहेत त्या मजेत आहेत.) तुमचा भोपळ्याचा वाफाही ठीक आहे. ठीक नाही तो मी. गेले तीन आठवडे एका धक्क्यातून सावरतो न सावरतो तोच दुसरा बसतो आहे, आणि हे पत्र वाचताना तुम्हालाही एखादा बसेल. म्हणून विनंती, पत्र चिखलात बसून वाचू नका. खुर्चीवर बसा आणि जवळ नर्सबाई असू द्या.

सुरुवात जूनमध्ये झाली. विजेच्या ज्या लाइनवर तुम्ही चौतीस वर्षं पायपीट केलीत, कानामागे पेन्सिल आणि खिशात वही घेऊन, त्या लाइनसाठी मोबाइलचं ॲप बनवून घ्यायचं फर्मान बिडगोश्चच्या मुख्य कचेरीतून आलं. बेचाळीस किलोमीटर जंगल, तीनशे आठ खांब, चोवीस माणसं, आणि वह्या सगळ्या पावसात भिजलेल्या, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. विभागप्रमुख म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं. ग्दान्स्कहून ॲप बनवणाऱ्या कालिनाबाई आल्या. पन्नाशीच्या, बोलायला गोड, पायांत कोरे करकरीत बूट. त्यांनी मला एक्केचाळीस प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तर लिहून घेतलं. (माझं प्रत्येक उत्तर लिहून घेणारी बाई आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यामुळे मी जरा फुललो होतो, हे कबूल करतो.) रेंज नसली तरी चाललं पाहिजे, जाड हातमोजे घालून बटण दाबता आलं पाहिजे, पावसात पडलं तरी बंद पडता कामा नये, हे सगळं मी सांगितलं आणि त्यांनी ते खरोखर उत्तम करून दिलं. बाईंच्या कामात खोट काढायला जागा नाही. खोट निघाली ती माझ्या अडतिसाव्या उत्तरात.

अडतिसावा प्रश्न असा होता: माणूस एखाद्या खांबापाशी दहा मिनिटांहून जास्त का थांबतो? मी म्हणालो, खांबात बिघाड असला तरच. त्यांनी विचारलं, दुसरं काही कारण? मी म्हणालो, दुसरं काय कारण असणार?

बाबा, जून होता. सप्टेंबर, म्हणजे अळंब्यांचा हंगाम, असता तर माझी जीभ नक्की अडखळली असती. आणि खरं सांगू का, अडखळली असती तरी मी बोललो नसतो. परक्या बाईला, तेही ग्दान्स्कच्या, आपली माणसं जंगलात कशासाठी थांबतात हे कोणी सांगतं का? तुम्ही स्वतःच्या जावयाला एकोणीस वर्षांत सांगितलं नाहीत. लग्नाच्या मांडवात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतात की वेळ आली की बोरोविक अळंब्यांची जागा तुला दाखवीन. तेव्हापासून मी वेळ यायची वाट बघतो आहे. एकदा तुमच्या मागोमाग आलो, तर तुम्ही मला तीन तास दलदलीतून फिरवलंत आणि शेवटी एका ओंडक्यावर बसून शांतपणे पाव खाल्लात. मला घासभरही दिला नाहीत. असो. मी मनात काही ठेवत नाही.

तर बाईंनी माझ्या उत्तरावरून नियम बसवला. एका खांबापाशी लोक पाच वेळा दहा मिनिटांहून जास्त थांबले, की खांबाच्या बुडाशी छुपा बिघाड आहे असं समजायचं आणि खोदाईचं यंत्र आपोआप पाठवायचं. यंत्रानं खांबाभोवतीची चार मीटर जमीन खरवडून पाया तपासायचा. मी खाली सही केली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस झाला, मग ऊन पडलं, आणि दहा दिवसांत माझ्या टेबलावर एकतीस खांब आजारी पडले. जी लाइन तुमच्या काळापासून शिंकलीसुद्धा नाही, तिचे एकतीस खांब! बिडगोश्चहून फोन आला, की तिकडे भूकंप वगैरे झाला आहे का. मी पार हादरलो.

मी हिएरोनिमला बोलावलं. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस, तीस वर्षं नोकरी, कधी एका शब्दाचं खोटं नाही. विचारलं, एकशे सत्त्याऐंशी क्रमांकापाशी तू सहा वेळा थांबलास, काय आहे तिथं? त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "गुणगुणतो."

"खांब गुणगुणतो?"

"हळू."

बाबा, मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि आम्हा दोघांनाही सगळं ठाऊक होतं. पण बोलणार कोण? तो बोलला तर त्याची अळंब्यांची जागा गेली. मी बोललो तर जूनमध्ये मी मूर्खासारखं उत्तर दिलं हे बाहेर आलं. मी लिहिलं, 'खांब गुणगुणतो', आणि त्याने खाली सही ठोकली. मग बाकीचेही एकेक करून आले. एकाचा खांब कलत होता, एकाच्या खांबाला वास येत होता, एकाला तर नुसतं 'बरं वाटत नव्हतं', म्हणजे खांबाला. खरं कारण एकानेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र निघालं आणि एकेका खांबाभोवती चार-चार मीटर जमीन उलटीपालटी करत सुटलं. वडिलांनी मुलाला, मुलाने नातवाला कानात सांगितलेल्या जागा, बाबा. एकशे सत्त्याऐंशीपाशी हिएरोनिम टोपी हातात घेऊन उभा होता. यंत्रवाल्याने विचारलं, की बिघाड नेमका कुठे आहे. हिएरोनिमने बोटाने दुसरीकडे दाखवलं, तर त्या भल्या माणसाने तिकडेही खोदलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला पत्र लिहायचं धाडस केलं नसतं. गेल्या मंगळवारी यादीत दोनशे चौदा आला. त्या टप्प्यावर या महिन्यात एकाही माणसाची पाळी नाही. तरीही अकरा थांबे. प्रत्येक पहाटे पाच-वीसला, पाऊण-पाऊण तास. आणि फोन कोणाच्या नावावर? माझ्या. मी त्या वेळी घरी पालथा झोपून घोरत असतो, याला सगळा मजला साक्षी आहे. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मला वाटलं, मी झोपेत चालायला लागलो. घरी येऊन सपातांचे तळवे तपासले, पाइनच्या सुया चिकटल्या आहेत का ते बघितलं. (नव्हत्या. केक मात्र चिकटला होता.) मग आठवलं, की कालिनाबाईंनी चाचणीसाठी दिलेला जास्तीचा फोन मी स्वयंपाकघरातल्या खणात टाकला होता. खण उघडला, तर फोन नाही. तो सापडला युडिताच्या रेनकोटच्या खिशात, सोबत एक चाकू आणि एक बोरोविकचं देठ.

तुमची लेक, बाबा, रोज पहाटे उठून चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जाते असं मी नऊ वर्षं समजत होतो. फादरांसमोर मी तिचं कौतुकही केलं आहे. (ते नुसतेच हसले होते. आता कळलं का ते.) मी फोन टेबलावर ठेवला. ती म्हणाली, याची टॉर्च चांगली आहे म्हणून नेते. मी म्हणालो, युडिता, दोनशे चौदा. तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, की ती जागा बाबांची आहे, मी सहावीत असताना त्यांनी दाखवली. एकोणीस वर्षं मी तुमची लाकडं फोडली, तुमच्या कोंबड्यांची खुराडी धुतली, दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या बोरोविकच्या सूपचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं, आणि जे मला ऐकायचं होतं ते माझ्याच उशीला उशी लावून झोपत होतं! मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू मला कधी विचारलंस? तू बाबांना विचारत होतास."

भांडायला वेळही नव्हता, कारण यंत्र गुरुवारी सात वाजता दोनशे चौदाला जाणार होतं. हुकूम रद्द करायचा तर ॲप कारण मागतं. यादीतली सगळी कारणं बिघाडाची, आणि 'इतर' दाबलं की फोटो मागतं, तोही चोवीस जणांना दिसणारा. तेव्हा गुरुवारी मी स्वतः तिथे गेलो. पहिल्यांदाच. बाबा, मी एका डोळ्यानेच बघितलं, शपथ घेतो, पण त्या एका डोळ्यालाही पुरेसं दिसलं. दोन बर्च झाडांच्या मध्ये, शेवाळात, एक-दोन नाही, अकरा. जेमतेम जेवणाच्या टेबलाएवढी जागा. मी तिच्यापुढे हात पसरून उभा राहिलो आणि यंत्रवाल्याला म्हणालो, माझ्या अंगावरून जा. तो म्हणाला, साहेब, माझं काही नाही, पण फोनने मागे फिर म्हटल्याशिवाय मी फिरू शकत नाही. आणि मी तिथे उभा राहिल्यामुळे ॲपने बारावा थांबा मोजला, बिघाड गंभीर ठरवला आणि आणखी मोठं यंत्र रवाना केलं.

तेव्हा, बाबा, तुमच्या जावयाने जे केलं ते असं. कारणांच्या तळाशी एक बारीक रकाना होता, 'कर्मचाऱ्याचा दोष'. मी तिथे लिहिलं: 'दोनशे चौदापाशी मी कामाच्या वेळी झोपायला येतो. खांब निर्दोष आहे. बोगुमिल, विभागप्रमुख.' एका मिनिटात दोन्ही यंत्रं माघारी फिरली. दुसऱ्या मिनिटात ते वाक्य चोवीस फोनांवर आणि बिडगोश्चला पोचलं. पंचवीस वर्षांच्या सेवेचं जे मानपत्र ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसमोर मिळायचं होतं, त्याच्या जागी ताकीद आली आहे. शुक्रवारी कचेरीत माझ्या खुर्चीवर कोणीतरी उशी आणून ठेवली होती, भरतकाम केलेली. मी तीच पाठीशी घेऊन बसलो. कालिनाबाईंना मी फोनवर खरं काय ते एकदाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अळंबी? ती तर दुकानात मिळतात. तरी नियम बदलून देते म्हणाल्या, आणि मी फोन ठेवून दिला.

फक्त हिएरोनिम संध्याकाळी दाराशी आला. म्हणाला, "साहेब, दोनशे चौदाला झोप चांगली लागते हे आम्हाला ठाऊक आहे. तिथून जाताना आम्ही सगळे तीस वर्षं वर तारांकडे बघत चालतो." तुमची जागा सगळ्यांना ठाऊक होती, बाबा, आणि कोणी हात लावला नाही. ठाऊक नव्हती ती फक्त मला.

तेव्हा परत आल्यावर गावात माझ्याबद्दल काही कानांवर आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, आणि ठेवलात तरी मी ते कोणासाठी केलं हे विसरू नका. गुडघ्यांना जपा. गाजरं टाकू नका.

तुमचा, सध्या बदनाम असलेला,
बोगुमिल

ता. क. पाचवी कोंबडी कोल्ह्याने नेली. सूप छान झालं होतं, म्हणजे त्याचं झालं असणार.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट राहिलीच. बाईंचा नवा नियम यायला अजून वेळ आहे आणि पुढच्या गुरुवारी यंत्र पुन्हा येतं आहे. यादीतले खांब: १९६, २०३, २०९, २१९, २२४, २३१, २३८, २४०, २५२. यांपैकी एखाद्यापाशी वाया जाण्यासारखं काही असलं तर त्या आकड्यापुढे फक्त एक खूण करून हाच कागद उलट टपाली पाठवा. कारण लिहू नका. मी विचारणार नाही. कागद लगेच चुलीत घालीन.

बाबा, मी युडिता. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. ही यादी खोटी आहे. नवा नियम सोमवारीच आला आणि यंत्र गोदामात गेलं. टेबलाएवढ्या जागेतून दर नाताळला सुक्या अळंब्यांच्या चार माळा कशा निघतात, यावर बोगुमिल तीन दिवस डोकं खाजवत बसला होता; तुमची दुसरी जागा हुडकायची ही शक्कल आहे. बाकी सगळं मात्र खरं आहे. गुरुवारी मी बर्चच्या मागेच उभी होते. यंत्र त्याच्यापासून हातभर अंतरावर आलं तरी तो हलला नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की याला फक्त अळंबी हवी आहेत. म्हणून म्हणते, आता त्याला आणखी ताटकळत ठेवू नका, कुठेतरी एक खूण करून पाठवा. २३१ वर नको.