फेटा बांधला तो न्यायाधीशांच्या मिस्टरांना

तीर्थस्वरूप व्यंकटमामांना उज्वलाचा नांदेडहून नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? तुमची शुगर विचारत नाही, तुम्ही खरं सांगत नाही. (पत्र अशासाठी की फोन लावला की आई शेजारी येऊन बसते.)

मामा, मी अजून सावरलेले नाही. परवा आमच्या लॉ कॉलेजात मूट कोर्टाची स्पर्धा होती (म्हणजे खटला खोटा, भांडण खरं). पोटगीचा युक्तिवाद महिनाभर खपून मी लिहिला, आणि आदल्या दिवशी सर म्हणाले, कोर्टात भारदस्त आवाज लागतो, तेव्हा बोलेल माझ्या वर्गातला हरिओम. मला औक्षणाचं ताट! (कायद्यापुढे सगळे समान, हे याच सरांनी शिकवलंय.) मला भयंकर रडू येत होतं, पण हातात पेटलं निरांजन घेऊन रडणार कशी?

परीक्षक म्हणून लातूरहून न्यायाधीश यायचे होते. गाडीतून पुढून एक धिप्पाड मिशीवाले गृहस्थ उतरले, मागून एक बाई. सरांनी गृहस्थांना जवळजवळ उचललंच. मी ओवाळलं, हलगी वाजली, फेटा चढला. ते बिचारे "आवो, मी न्हाई, मी न्हाई" म्हणत होते, सरांना तो विनय वाटला. बाईंना "ताई, लेडीज तिकडं" म्हणून आमच्या रांगेत बसवलं. तू बोलणार नाहीस का, असं त्यांनी मायेनं विचारलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. (मला वाटलं, कुणाची तरी आई असेल. बघा, मीही त्यातलीच!)

मग माइकवर न्यायाधीशांचं नाव पुकारलं आणि शेजारच्या बाई उठून स्टेजवर गेल्या. फेटेवाले त्यांचे मिस्टर निघाले, लातुरात त्यांचं पाइपांचं दुकान आहे. आता बाईमाणसाला फेटा कसा बांधायचा, यावर तिथंच खलबत झालं आणि शेवटी (ऐकताय ना?) न्यायाधीशांची ओटी भरली! बाईंनी नारळ टेबलावर ठेवला आणि पहिलाच हुकूम दिला, की युक्तिवाद जिनं लिहिला तिनंच बोलायचं. हरिओम म्हणाला, "हाव मॅडम, लई बरं झालं," आणि घाम पुसत खाली बसला. मी बोलले. आम्ही जिंकलो. सरांनी माइक घेऊन अभिमानानं सांगितलं, की उज्वला मुलगी नाहीच, आमचा मुलगाच आहे. माझा आ अजून मिटलेला नाही.

तुमची भाची,
उज्वला

ता. क. अंतिम फेरी येत्या रविवारी लातूरला आहे, आणि त्याच दिवशी तुम्ही तो लॉ शिकणारा मुलगा मला बघायला तुमच्याकडे अहमदपूरला बोलावलाय. पाहुण्यांना लातूरलाच यायला सांगा. बघणंही होईल, ऐकणंही. आईची समजूत तुम्हीच काढा, मला काहीही करून बोलायचंय.

आणखी एक. आत्ताच कळलं, समोरच्या बाजूनं तोच मुलगा उभा राहणार आहे. त्याला आधी काही सांगू नका. हरल्यावरही त्याचा होकार आला, तर मात्र पुढचं बोलू.