गोगलगायींच्या त्रैमासिकाचं चुकून झालेलं निधन

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (हे लिहिताना मी उभी आहे, कारण खुर्चीवर अंकांचा गठ्ठा आहे आणि तो उतरवायला जमिनीवरही जागा नाही. नमस्कार तेवढा मनापासून समजावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? आई सांगते की जिना चढताना तुम्ही मध्येच थांबता आणि कुणी विचारलं तर भिंतीचा रंग बघतोय म्हणता. मामी गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करता आणि तो बरा जमतो, असंही ती सांगते, पण ती पडली तुमची बहीण, तिच्या मताला मी फारशी किंमत देत नाही. औषधं वेळेवर घ्या. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, मुलीची परीक्षा जवळ आली, आणि मला गेले काही आठवडे एका जागी बसवत नाही. भाजी चिरता चिरता मी उठते आणि कपाट आवरायला लागते, कपाट अर्धं टाकून खिडकीशी जाते, तिथे काय करायचं होतं ते आठवत नाही. हे विचारतात, काय झालंय. जे झालंय ते तुमच्या बाबतीतच झालंय आणि ते सरळ सांगण्याचा मला धीर होत नाही, म्हणून जरा लांबून येते.

माझी नोकरी काय आहे हे तुम्हाला आजवर नीट कळलेलं नाही. (तुम्ही पाहुण्यांना “ही पुस्तकं देते” असं सांगता.) मी ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात आहे. पुस्तक एकदा आलं की विषय संपला. नियतकालिक येत राहतं, उशिरा येतं, दोन अंक एकत्र करून येतं, मध्येच नाव बदलतं, दुसऱ्या नियतकालिकाशी संसार थाटतं, मग फारकत घेऊन दोन नावांनी येतं, आणि या सगळ्या भानगडींची नोंद आम्ही ठेवायची. पूर्वी टपाल आलं की पाकीट फोडायचं, कार्डावर खूण करायची, शिक्का मारून अंक रॅकवर लावायचा. अंक आला नाही तर प्रकाशकाला स्मरणपत्र पाठवायचं. स्मरणपत्र लिहिण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन ओळींत चौकशी, एका ओळीत टोमणा, आणि शेवटी “कळावे”. पुढच्या टपालाने अंक हजर व्हायचा.

आता बहुतेक अंक येतच नाहीत. म्हणजे ते कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर असतात आणि आपल्याला ते बघण्याची परवानगी असते. वर्गणी थांबवली की नव्याबरोबर जुनेही दिसेनासे होतात, शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र वाचत होतो आणि ते दुसरीकडे राहायला गेले, तसं. प्राध्यापक खूश आहेत, कारण त्यांना जिना उतरावा लागत नाही. आमचे ग्रंथपालसाहेब खूश आहेत, कारण निम्मे रॅक काढून तिथे सोफे टाकता आले. सोफ्यांवर विद्यार्थी मांडीवर उघडा लॅपटॉप घेऊन झोपतात आणि त्यांची नोंद वाचक म्हणून होते. मी एकटीच नाखूश असले तर माझ्या तक्रारीला कोण विचारतो.

या व्यवस्थेत माझी स्मरणपत्रंही कॉम्प्युटरकडे गेली. अंक आला नाही की तो आपणहून तीन पत्रं पाठवतो: पहिलं गोड, दुसरं कोरडं, तिसरं असं की वाचणाऱ्याला आपण कुणाचं घर लुटलंय असं वाटावं. ज्यांच्याकडे ई-मेल आहे त्यांना ई-मेलने, बाकीच्यांना छापून टपालाने. मोठ्या प्रकाशकांकडेही असाच कॉम्प्युटर बसलेला. आमचा विचारायचा, अंक कुठे आहे? तो उत्तर द्यायचा, आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. आमचा पुन्हा विचारायचा, तो पुन्हा आभार मानायचा. कित्येक आठवडे दोघांचा असा पत्रव्यवहार चालला होता आणि दोन्हीकडच्या एकाही माणसाला त्याचा पत्ता नव्हता. (इतकं सभ्य भांडण मी आमच्या घरात कधी ऐकलेलं नाही.)

तिसऱ्या पत्रालाही अंक आला नाही, तर कॉम्प्युटर मला विचारतो: प्रकाशन बंद झाले असे समजावे का? बहुतेकांचा कागदी अंक खरंच बंद झालेला, त्यामुळे उत्तर “होय”. एका सकाळी असे प्रश्न रांगेने आले. मी होय, होय, होय करत चालले होते, एकीकडे फोनवर मुलीला डबा कुठे ठेवलाय ते सांगत होते, आणि त्या रांगेत तुम्ही काढता ते गोगलगायींचं त्रैमासिक आलं. मामा, मी “होय” दाबलं.

पूर्वी असं काही झालं असतं तर कार्डावर रबर फिरवून विषय मिटला असता. आता शेकडो ग्रंथालयं एका जाळ्यात आहेत. एकाने लिहिलं की सगळ्यांकडे लिहिलं जातं. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत जगातल्या यच्चयावत ग्रंथालयांत गोगलगायींचं एकमेव त्रैमासिक बंद पडलं होतं. त्याचं कुणाला वाईट वाटलं असेल असं समजू नका. ग्रंथालयांना बंद पडलेलं नियतकालिक फार आवडतं. ते उशीर करत नाही, नाव बदलत नाही, सगळे खंड बांधून एकदाचे लावून टाकता येतात. एका ग्रंथालयाने तर “संच पूर्ण झाला” म्हणून आनंदाचं पत्र पाठवलं.

वाईट वाटलं ते तुमच्या लेखकांना. शंखांचे गुरुजी (तेच ते, आपल्याकडे आले की खिशातले शंख टेबलावर मांडणारे) यांनी इंटरनेटवर मृत्युलेख लिहिला. मग तुम्हाला सांत्वनाची पत्रं यायला लागली, त्यातली काही इतक्या मोठ्या माणसांची की तुमच्या हयात त्रैमासिकाला त्यांनी कधी पोस्टकार्डही लिहिलं नव्हतं.

मी धावत आमच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. (आम्ही त्याला “पासवर्ड” म्हणतो, कारण एरवी त्याच्या तोंडी तोच एक शब्द असतो.) तो म्हणाला, आता आपल्या हातात नाही. बंद झालेलं चालू करायचं तर शेवटच्या अंकानंतरचा अंक आल्याची नोंद हवी. मी म्हटलं, संपादक माझे सख्खे मामा आहेत. तो म्हणाला, मामांसाठी रकाना नाही. मग मी जे केलं ते आईला सांगू नका. मी एक अंक आल्याची खोटी नोंद केली. नोंदीला पहिल्या लेखाचं नाव लागतं, म्हणून सुचलं ते लिहिलं: “पावसाळ्याबाहेरील गोगलगायींचा संयम”. मला वाटलं, गोगलगायींचा संयम कोण वाचायला मागतोय. दुपारच्या चहापर्यंत पाच ठिकाणांहून त्या लेखाची प्रत मागितली गेली. मी अंक बांधणीला गेलाय असं कळवलं. संध्याकाळी शंखांच्या गुरुजींचा फोन थेट ग्रंथपालसाहेबांना गेला, की हा लेखक कोण, आणि त्याने माझा संदर्भ दिलाय की नाही.

साहेबांनी मला बोलावून जे सांगितलं ते लिहीत नाही. खोटी नोंद काढून टाकावी लागली. त्रैमासिक पुन्हा बंद पडलं, या वेळी माझ्या सहीने, आणि वर्ष संपायच्या आत खरा अंक आला नाही तर ते कायमचं बंदच्या यादीत जाईल.

हे एक वेळ मी सोसलं असतं. पण काल आईने सांगितलं, तुम्ही ती सांत्वनाची पत्रं वाचून सुतळीने बांधलीत, छापखान्याला उरलेला कागद परत न्यायला सांगितलंत आणि म्हणालात, “बरंच झालं, सगळ्यांनी परस्पर उरकलं.” मामा, हे ऐकल्यापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. सगळ्यांनी उरकलेलं नाही. ते मी, एका हातात फोन धरून, न बघता उरकलंय. तुम्ही ते खरं का मानलंत याचा मला राग आला आहे, आणि तो राग तुमच्यावर काढता येत नाही म्हणून रडूही आलं.

बाकी क्षेम. थोरल्या मावशीला नमस्कार सांगा आणि गुडघ्याला तेल लावा.

तुमची,
भाची

ता. क. मला अंक हवा आहे. सोळा पानी चालेल. आठ पानीही चालेल. कागदावर काढा, नेटवर्कवर मी चढवते, आणि त्यासाठी तुम्हाला एकही बटण दाबावं लागणार नाही. बटणं मीही हल्ली कमीच दाबते.

दुसरा ता. क. गोगलगायींचं त्रैमासिक वेळेवर निघालं तर त्यावर विश्वास कोण ठेवणार, अशी आम्ही सगळे वर्षानुवर्षं थट्टा करत आलो, त्यामुळे या वेळचा उशीरही आम्हाला नेहमीचाच वाटला. आज जुने अंक काढून बघितले. मामींनी प्रूफं तपासलेला अंक हाच तुमचा शेवटचा अंक. त्यानंतर एकही नाही. मामा, अंक का आला नाही, असं तुम्हाला विचारलं ते एकट्या त्या कॉम्प्युटरने. तीनदा विचारलं. आम्ही एवढी माणसं तुमच्या घरी येत होतो, डबे आणत होतो, गुडघ्याची चौकशी करत होतो, पण हे आमच्यातल्या कुणी एकदाही विचारलं नाही.

तिसरा ता. क. रविवारी सकाळी येते. पुढच्या अंकाची अडकलेली प्रूफं जिथे असतील तिथून काढून टेबलावर ठेवा. मला मामींसारखं येणार नाही, तुम्ही चिडाल, मी उलट बोलेन, आणि पहिला आठ पानांचा फॉर्मा दुपारपर्यंतही संपायचा नाही. तरी ठेवा.