उंडीच्या तेलाची चमक

११ ऑक्टोबर
दुपारपासून झिमझिम. साडेपाचला आरे-वारेच्या उतारावर निलेशची गाडी वळणात घसरली, कठड्यावर आपटली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. सूनबाईची मांडी मोडली. लग्नाला वर्ष नाही झालं पोरीच्या.
हॉस्पिटलात निलेश म्हणाला, "बाबा, मी चाळीसवर होतो." व्याह्यांसमोर त्याच्या मुस्काटात दिली. बत्तीस वर्षांचा, जहाजावरचा इंजिनियर, खाली मान घालून उभा राहिला. हात अजून चुरचुरतोय. बरं केलं असंच वाटतंय.

१२ ऑक्टो.
शलाकाचं ऑपरेशन झालं, सळई घातली. व्याही मला ऐकू जाईल असं व्हरांड्यात म्हणाले, "शर्यतीची गाडी घेतली तेव्हाच ओळखलं होतं." मीही मान डोलावली. चाळीसवर गाडी घसरते होय? टायर तर नव्यासारखे, नक्षी पूर्ण. मीच सांभाळलेत. तो आठ-नऊ महिने जहाजावर, गाडी माझ्या मांडवात. दर पंधरा दिवसांनी धुवायची, टायरच्या कडांना उंडीचं तेल चोळायचं. तीस वर्षं तांडेल होतो, होडीला तेच लावलं. एक फळी कधी तडकली नाही.

१४ ऑक्टो.
गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात. आतलं सामान आणायला गेलो, सोबत टायरवाला इकबाल. त्याने पुढच्या चाकावर नख दाबलं, परत दाबलं.
"तांडेल, नक्षी नका बघू, रबर बघा. दगड झालाय."
कडेवर चार आकडे दाखवले. १२१५. पंधरा सालचा बारावा आठवडा, टायर बनला तो. मला वाटायचं कंपनीचा कसलातरी नंबर. इतकी वर्षं त्यावरून फडका फिरवला.
"रबर मऊ असता म्हणून रस्ता धरता. असल्या पळणाऱ्या गाडीचा तर जास्तच मऊ. उभ्या उभ्या सुकला. कोरड्यात चालून गेला, ओल्यात सुटला."
तेलाचं सांगितलं. त्याने टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. "तेलान रबर मऊ नाय होत, उलट खराब होता. आणि कडेच्या भेगा झाकल्या. नायतर पोराला दिसल्या असत्या."
घरी आलो. तेलाची बाटली उचलली आणि खाडीत फेकली. का फेकली, देव जाणे.

१५ ऑक्टो.
सांगितलं नाही.

१६ ऑक्टो.
निलेश जेवत नाही. आज आपणहून म्हणाला, "असेन जोरात. आता आठवत नाही मला." पोरगा माझ्यामुळे स्वतःला खोटं ठरवायला लागला. परवा अकराला त्याचा जबाब. भरधाव होतो असं लिहून देणार म्हणतोय. केस झाली तर जहाजावर पुन्हा कोण घेणार?
आमच्या हिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "माका काय सांगतास? त्याला सांगा."
तीस वर्षं वादळात बोट काढली, पण पोराच्या खोलीचं दार लोटवेना.

१७ ऑक्टो.
सांगितलं. हॉस्पिटलात, सगळ्यांदेखत. आकडे, तेल, भेगा, सगळं.
कुणालाही पटलं नाही. व्याही हसले. निलेश म्हणाला, "बाबा, मला वाचवायला तुम्ही आता कायपण सांगाल." आवाजात राग नव्हता, माया होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तसाच ठाण्यावर गेलो. हवालदार गाडीभोवती फिरून आला, आकडे वाचायला वाकलाही नाही. "काका, टायर चकाचक आहेत की. नवे वाटतात." माझंच तेल ते. बाटली कुठाय म्हणाला तर काय दाखवू? खाडी?
एकट्या शलाकाने विचारलं, "बाबा, ते आकडे अजून वाचता येतात?" म्हटलं, येतात. तिने डोळे मिटले.
त्या थपडेची माफी राहिलीच. बापाने ती कशी मागायची, कुणी शिकवलं नाही.

१८ ऑक्टो.
सकाळीच इकबालच्या दुकानात गेलो. नव्या टायरवर नख दाबलं, रुतलं. सोडलं की भरून आलं. आमच्या टायरवर नखच वाकतं.
निलेशला म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. जबाबाआधी इकबालकडे थांबू, नव्या टायरवर नख दाब. मग तुझ्या गाडीच्या टायरवर दाब. मग काय लिहायचं ते लिही."
"आणि नाय समजलं तर?"
"तर माझ्याही मुस्काटात दे."
तो त्या दिवसापासून गाडीकडे फिरकलेला नाही. शर्ट घातला, बटणं लागेनात. मी पुढे झालो तर मागे सरला. मग आईने लावली.
साडेदहा. रिक्षा आलीय. तो जाऊन बसलाय, एका कडेला. माझ्यापुरती जागा ठेवलीय की नाही, इथून दिसत नाही. चप्पल घालतो.