बारशाला आलेली आत्या

प्रिय विजयश्रीआत्या,

हे तूच वाचत असशील तर नमस्कार. दुसरं कुणी वाचत असेल तर गुमान खाली ठेव, ही आमच्या घरची गोष्ट आहे.

आई हसली, अप्पा हसले, तू तरी हसू नको. परवा तुझा उमरग्याहून फोन आला, की पाय मुरगळला, फोनही फुटला, बारशाला येता आलं न्हाई. आईला वाटलं तू गंमत करायलीस. कारण आत्या, तू आली होतीस. चार दिवस राहिलीस. बाळाच्या कानात नावसुद्धा तूच सांगितलंस.

पहिल्यापासून सांगते. बाळ जन्मलं त्या दिवसापासून गोठ्याच्या भिंतीवर एक काळी मांजर बसायची, डावा कान फाटलेली. दूध ठेवलं तरी शिवायची न्हाई, नुसती पाळण्याकडं बघायची. शेजारच्या यल्लम्माअक्का म्हणाल्या, हाकल तिला. ज्या लेकराच्या कानात ती नाव सांगती, ते लेकरू तिच्या एका हाकेसरशी मागं जातंय. मी खडा घेऊन धावले तर भिंत रिकामी. आणि दारात पिशवी घेऊन तू.

आधी मला आनंदच झाला, खोटं कामून सांगू! पण तुझा चहा मला ठाऊक आहे, तोंड भाजलं तरी फुंकर मारणार न्हाईस. ही बाई चहा गार व्हायची वाट बघायची आणि मग जिभेच्या शेंड्यानं प्यायची. डाव्या कानावरचा पदर एकदाही सरकू दिला न्हाई. तुला बघून लोळणारा आपला मोती कडब्याच्या गंजीमागं दडून बसला. मी आईला म्हटलं, ही आत्या न्हाई. आईनं माझ्याच पाठीत धपाटा घातला. नणंदेचा मान म्हणजे मान, तिला कोण विचारणार, बाई तू कोण म्हणून?

बारशाला पद्धतीप्रमाणं आधी वरवंट्याला टोपडं घालून, गोप्या म्हणून पाळण्याखालून-वरून फिरवला, मग बाळाला. दोघंही पाळण्यात ठेवले. बायका हळदीकुंकवात गुंतल्या तेवढ्यात मी गोप्याला उशाला ओढलं आणि झोपलेल्या बाळाला पायथ्याला, दुपट्याखाली सरकवलं. ती डोळे मिटून वाकली आणि टोपड्यात कुर्रर्र केलं. ते कुर्र लई वेळ चाललं. मग रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. यल्लम्माअक्कांच्या तळहाताला काळे केस चिकटले. त्यांनी ते पदराला पुसले. नाव मोठ्यानं सांगा म्हटलं तर ही म्हणाली, सव्वा महिन्यानं सांगते. आणि आई व्हय म्हणाली!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली. बसला सोडायला कुणी गेलं न्हाई. आईनं चटणीला पाटा मांडला तर वरवंटा गायब. मला मात्र अंगणातल्या मातीत दिसलं, उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत काहीतरी जड गडगडत गेल्याची रेघ, आणि तिच्यापुढं मांजराची पावलं. बाळ आईच्या मांडीवर दूध पीत होतं. मी त्याच्या पायाला धरून खूप रडले. आई म्हणाली, वरवंट्यासाठी कुणी रडतंय का गं?

काल दुपारी ती मांजर पुन्हा भिंतीवर आली. तिनं जांभई दिली तेव्हा पाहिलं, तिचा एक सुळा अर्धा तुटलाय. तो कशाला चावून तुटला ते मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. म्हणून हे पत्र. फोनवर बोलले तर ती ऐकेल, म्हणून उमरग्याच्या बसच्या कंडक्टरकडं देते. बाळाला अजून खरं नाव न्हाई. पाय बरा असो नसो, तू ये आणि त्याच्या कानात नाव सांग. मी उंबऱ्यात उकळता चहा घेऊन उभी राहीन. तो माझ्यासमोर पी, मग तोंड उघडून दात दाखव. रागावू नको. पण लवकर ये, आत्या. तुझ्याआधी ती आली, तर आई तिलाच पाट देईल.

पाळण्याची दोरी धरून बसलेली,
तुझीच पवित्रा